शेजारची वाफ

सकाळी दात घासता घासता बून-तेकची नजर बेसिनखाली गेली आणि ब्रश तोंडातच राहिला. खाली लाल बादली होती. बादलीत पाणी, पाण्यात चिकट तांदूळ. आईनं रात्री केव्हातरी उठून भिजत घातले असणार. वर्ष संपायला आठवडाही उरला नव्हता, म्हणजे तांदूळ भिजायची वेळ झालीच होती. गेली कित्येक वर्षं ते याच बादलीत, याच जागी भिजत आले होते आणि दर वर्षी बादलीत पाय जाऊ नये म्हणून तो वाकडा होऊन तोंड धूत आला होता. यंदा मात्र तो वाकायचं विसरला. हे आपल्या लक्षातच कसं आलं नाही? बाकी सगळं धरलं होतं ध्यानात. फोन येईल, मामा काहीतरी बोलून जाईल, टपालानं काही येईल, सगळ्याचा बंदोबस्त केला होता, आणि ही बादली साफ विसरलो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईनं त्याला घरच्या नावानं हाक मारली, कमी ऐकू येणाऱ्या माणसांचा असतो तशा चढ्या आवाजात. "आ-तेक, दुकानात जायच्या आधी ते बांबूचं भांडं वरून काढून दे रे. माझा हात पोचत नाही." त्यानं चूळ भरली. फेस बादलीत पडू नये म्हणून हात आडवा धरला आणि मग त्याला वाटलं, पडू दिला असता तर बरं झालं असतं, तांदूळ तरी फेकता आले असते.

कारण ज्या घरात वर्षाच्या आत मरण झालं त्या घरात तिक्वे उकडत नाहीत. कीलुंगच्या या बंदरगावात हे कुणी कुणाला शिकवत नाही, माहीतच असतं. वाटलेल्या तांदळाच्या ओल्या पिठात काळी साखर मळायची आणि गुळाच्या ढेपेएवढा जाड गोळा दुपारभर वाफेवर ठेवायचा, की नवीन वर्षाचं तिक्वे होतं. पण सुतकातल्या माणसानं ते उकडायचं तर नाहीच, दुसऱ्याच्या चुलीपाशीही उभं राहायचं नाही; त्या घरी तिक्वे शेजाऱ्यांनी पाठवायचं. राहिलं तर वाफ आत शिरत नाही म्हणतात. वरून शिजल्यासारखं दिसतं, मध्ये कच्चंच. आणि कच्चं तिक्वे ज्या घरात निघालं त्या घराचं पुढचं सगळं वर्ष कच्चं. बून-तेकचा यावर विश्वास नव्हता. तो चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना विचारायचा, "हे स्पष्ट दिसतं की हे?" आणि लोक जे सांगतील तेवढ्यावर विश्वास ठेवायचा. पण स्टुलावर चढून त्यानं कपाटावरच्या भांड्याला हात लावला आणि हात काही केल्या ते भांडं ओढेना. आ-हान शरद ऋतूत गेला होता. त्याचा धाकटा भाऊ. आणि खाली स्टूल धरून उभ्या असलेल्या आईला ते माहीत नव्हतं.

"काय झालं? अडकलं का?"

"कीड लागलीय याला," तो म्हणाला. "पोखरलंय सगळं."

"बांबूला? बघू."

"राहू दे, हात नको लावूस. नवीन बघतो मी."

"नवीन कशाला? उन्हात ठेव."

"कीलुंगात कुठलं ऊन आलंय, आई?" ते खरंच होतं. बाहेर पाऊस लागला होता, हिवाळ्यात इथे लागतो तसा, बारीक आणि कंटाळवाणा. आई त्याच्याकडे बघत राहिली. हल्ली ती बघायची ते जरा जास्तच वेळ, असं त्याला वाटायचं. तिच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता. त्यानं स्वतःला समजावलं होतं, तिला नीट दिसत नाही म्हणून ती वेळ घेते. तो स्टुलावरून उतरला, छत्री घेतली, डबा विसरला आणि जिना उतरायला लागला.

फोन आला होता तोही अशाच एका सकाळी. व्हिएतनाममधल्या बुटांच्या कारखान्यातून, जिथे आ-हान गेली काही वर्षं शिवणखात्यावर देखरेख करत होता. मेंदूत रक्तस्राव झालाय, या, असं तिकडचा माणूस म्हणाला. बून-तेकनं आईला सांगितलं की लेन्सचं प्रदर्शन आहे, दोन-चार दिवस जावं लागेल. तो पोचला तेव्हा आ-हान गेलेला होता. त्या परक्या इस्पितळाच्या व्हरांड्यात, जिथे माणसं चटया टाकून झोपली होती, एक बाई त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. ठेंगणी, काळीसावळी, ॲप्रनवर हळदीचे डाग. कारखान्याच्या खानावळीत स्वयंपाक करणारी, एवढं दुभाष्यानं सांगितलं आणि तो कागदपत्रांच्या मागे निघून गेला. मग ती बाई आणि बून-तेक दोघंच उरली, आणि दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. तिनं त्याचा हात घेतला. न विचारता, सरळ. त्याची मूठ उलगडून तळवा आपल्या तळव्यावर ठेवला, दुसरा हात वरून ठेवला, आणि खोलीच्या दाराकडे मान केली. मग बोट पाण्यात बुडवल्यासारखं करून आपल्या ओठांवरून फिरवलं. मग पुन्हा हात. तो समजला होता. समजला नाही असं दाखवत राहिला, कारण समजला असता तर तिथेच कोसळला असता. तिला द्यायला त्याच्याकडे काही नव्हतं. विमानतळावर आ-हानसाठी घेतलेला अननसाच्या बिस्किटांचा डबा होता, तोच त्यानं तिच्या हातात कोंबला. निघताना ती धावत आली. डब्याची पिशवी परत देत होती, आणि पिशवीत दोन हिरवे पेरू आणि मिठाची पुडी होती. नाव विचारायचं राहिलं.

मामानं फोनवरच निकाल देऊन टाकला होता. "मुलाला पोचवायला आईनं जायचं नसतंच. मग म्हातारीला सांगून काय साधणार आहेस? वर्ष जाऊ दे." बून-तेकनं ते वाक्य घट्ट धरलं. अस्थिकलश परस्पर डोंगरावरच्या देवळात ठेवला. घरात मरणाची कसलीच खूण येऊ दिली नाही. आईला ऐकू कमी यायचं, त्यामुळे आ-हान फोन करायचा नाहीच, कधीमधी संदेश पाठवायचा, आणि ते वाचून दाखवायचं काम बून-तेकचं होतं. ते त्यानं चालू ठेवलं. दर रविवारी जेवण झालं की मोबाइल डोळ्यांपुढे धरायचा आणि काळ्या पडद्यावरून वाचायचा. 'आई, इकडे फार गरम आहे. तू जेवतेस ना वेळेवर? गुडघा कसा आहे?' आधी दोन ओळींवर भागायचं. मग वाढत गेलं. तिकडच्या खानावळीत एक बाई आहे, ती मला आवडतं तसं सूप करते. परवा तुझी आठवण आली. मोबाइल खाली ठेवला की त्याला ओकारी आल्यासारखं व्हायचं, आणि तरी शनिवारपासून तो मनात वाक्यं जुळवायला लागायचा. चष्मे पुसता पुसता आ-हान होऊन बोलायचा. खरा आ-हान असा कधीच नव्हता. खरा आ-हान हट्टी, तुसडा, पैसे वेळेवर पाठवणारा आणि बोलायला आळशी होता. हा दुसरा आ-हान बून-तेकनं घडवला होता आणि आता त्याला मारायचं कसं हे त्याला कळत नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावर सिउखिमताईचं दार. बून-तेकनं बेल वाजवायच्या आत ते उघडलं, कारण ताईला जिन्यावरच्या पावलांवरून माणूस ओळखता यायचा. या इमारतीत ती नवी नवरी होऊन आली तेव्हा बून-तेक दहा वर्षांचा होता. आता तिचे केस पिकले होते आणि आवाज होता तसाच होता, मासळीबाजारातला. तो परदेशी गेला तेव्हा आईपाशी तीच राहिली होती. म्हणून तिला सांगावं लागलं होतं. इमारतीत फक्त तिला.

"तोंड काय असं? कोणी चष्मा फुकट नेला?"

"ताई, आईनं तांदूळ भिजत घातलेत."

सिउखिमताई दारातच उभी राहिली. हातातलं फडकं तिनं दोनदा पिळलं, कोरडं असून. "अगंबाई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "मी केव्हाची विचार करतेय तुमच्याकडे तिक्वे कसं पाठवायचं. पाठवायलाच हवं. आणि पाठवलं तर काकूंना कळणार. माझ्या दारातून ताटली वर गेली की संपलंच."

"मी भांड्याला कीड लागली म्हणून सांगितलं."

"बांबूला कीड? ह्या पावसात? ठोंब्या, बुरशी म्हणायचं." तिनं कपाळाला हात लावला. मग बराच वेळ ती स्वतःच्या स्वयंपाकघराकडे बघत राहिली. गॅसवर तिचं स्वतःचं उकडायचं भांडं धुऊन पालथं घातलेलं होतं, त्याला लाल कागद चिकटवलेला. "तू जा दुकानात," ती म्हणाली. "मी बघते. आणि आता तोंडाला कुलूप घाल. तुला खोटं बोलता येत नाही."

संध्याकाळी तो घरी आला तर सिउखिमताई त्याच्या स्वयंपाकघरात बसलेली, मनगटाला ही जाडजूड पट्टी, आणि कण्हत होती. "काकू, पायरीवरून सटकले हो. हा हात गेला कामातून. सुनेला तिक्वे मळता येत नाही, ती विकतचं आणू का म्हणते! माझ्या जिवंतपणी विकतचं? तुम्ही खाली या. तुमचे तांदूळ, माझे तांदूळ एकत्रच वाटू. मळा तुम्ही, भांडं माझं, वाफ माझी. अर्धं तुम्हाला देते कापून. एवढं कराच माझ्यासाठी, पाया पडते." आई तिच्या ओठांकडे बघत ऐकत होती. मग पट्टीकडे बघितलं. मग बून-तेककडे. "बरं," आई म्हणाली. "येते. पण साखर मी घालीन तेवढीच. तू फार गोड करतेस."

बून-तेक रात्रभर नीट झोपला नाही. आधी त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. काय डोकं आहे बाईचं! आई तिक्वे करणार, आणि घरात येणार ते शेजारच्या चुलीवरचं, दिलेलं. रीतही पाळली जाणार आणि म्हातारीला पत्ताही लागणार नाही. पण कुशीवर वळला आणि त्याच्या लक्षात आलं ते, जे सिउखिमताईच्या लक्षात सकाळीच, त्या भांड्याकडे बघताना आलं असणार. सुतकातलं माणूस ती आपल्या चुलीपाशी बोलावत होती. आपल्या घरच्या तिक्वेपाशी. जी बाई गॅस पेटवल्यावर नवऱ्याला घरात मोठ्यानं बोलू द्यायची नाही, पोरांना शिंकू द्यायची नाही, ती. तिच्या सुनेला तिसरा महिना होता. घराचं पुढचं सगळं वर्ष तिनं आईच्या हाती दिलं होतं आणि वर पाया पडली होती. त्याचा विश्वास नव्हता म्हणून काय झालं, तिचा तर होता. त्याला कुणाचातरी राग आला, कुणाचा ते कळेना. दुसऱ्याचा चांगुलपणा इतका अंगावर आला की माणसाला पळून जावंसं वाटतं. त्या व्हरांड्यातही त्याला असंच वाटलं होतं.

आणि मग त्याला त्या वर्षीची ताटल्यांची रांग आठवली. बाबा गोदीत क्रेनखाली गेले ते वर्ष. तो दहाचा, आ-हान सहाचा. वर्ष संपत आलं आणि दारावर थापा पडायला लागल्या. चौथ्या मजल्यावरची शिक्षिका, खालचा न्हावी, गोदीतली माणसं, जो तो ताटलीत तिक्वे घेऊन यायचा, दारातच देऊन जायचा. आत कुणी यायचं नाही, आभार कुणी मानायचे नाहीत. टेबलावर जागा उरली नाही, तेव्हा ताटल्या शिवणाच्या मशीनवर ठेवल्या. नव्या नवरीनं, सिउखिमनं आणलेलं विटेसारखं कडक होतं. आ-हाननं जन्मात इतकं गोड एका जागी पाहिलं नव्हतं. तो टाळ्या पिटत नाचायला लागला आणि सगळ्यांच्या देखत ओरडला, "बाबा दर वर्षी मरायला पाहिजेत!" दारात उभी असलेली माणसं दगड झाली. बून-तेकला वाटलं आता आई त्याला फोडून काढणार. आई त्याच्याकडे बघत राहिली आणि खो खो हसत सुटली. हसता हसता खाली बसली, आणि मग ते हसणं कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते कुणाला कळलं नाही. नंतर तिनं एकेक ताटली धुतली, पुसली, आणि प्रत्येकीत मूठभर पांढरी साखर घातली. रिकामी ताटली परत करायची नसते. आणि सुतकातल्या घरातून परत जाते ती साखरच, दुसरं काही नाही. सणाच्या दिवसांत त्या घरानं कुणाच्या दारात जायचं नसतं, म्हणून वर्ष बदलायच्या आत सगळ्या ताटल्या पोचवायच्या. ते काम दोघा भावांचं. "रस्त्यात चाटू नकोस," आई आ-हानला बजावायची, आणि आ-हान जिन्याच्या वळणावर जाऊन बोट ओलं करायचा आणि साखरेतून एक लांब ओळ ओढायचा. सिउखिम दार उघडायची, ताटलीकडे बघायची आणि म्हणायची, "अगंबाई, उंदीर लागला वाटतं साखरेला!"

दुसऱ्या दिवशी दुकानात त्यानं एका बाईला नवऱ्याचा चष्मा दिला आणि नवऱ्याला तिचा. दुपारीच शटर ओढलं. जिना चढताना दुसऱ्या मजल्याच्या खालीच वाफेचा वास आला, काळ्या साखरेचा, ओल्या बांबूचा. ताईचं दार बंद होतं. आणि दारापासून दूर, वरच्या वळणावर, थंडगार पायरीवर आई बसली होती. एकटी. हात मांडीत, नखांत पीठ. जिन्याच्या खिडकीतून पावसाचे तुषार येत होते.

"आई! इथे काय करतेस? थंडी बघ किती आहे."

"मळून दिलं," ती म्हणाली. "आत फार गरम होतं. वाफ सोसत नाही मला आता."

त्यानं कोट काढून तिच्या खांद्यावर टाकला. "चल वर."

"थांब. होऊ दे त्यांचं." ती बंद दाराकडे बघत होती. "सून गोड आहे रे तिची. ओकाऱ्या होतात म्हणे सकाळी." तो तिच्या खालच्या पायरीवर बसला. म्हातारी थकली, त्याला वाटलं, दरवर्षी मेली दिवसभर वाफेपाशी उभी असायची, यंदा मळूनच दमली. दार उघडलं आणि सिउखिमताईचा आवाज जिनाभर घुमला, "काकूऽ! बघायला या! काडी घातली, स्वच्छ बाहेर आली! आतपर्यंत शिजलंय!" आईनं डोळे मिटले. तिचे खांदे खाली आले, आणि तेवढ्यानं ती केवढीतरी लहान दिसायला लागली. "शिजलं ना?" ती म्हणाली. "मग झालं."

वर्षाचा शेवटचा दिवस. दुपारपासून सगळ्या इमारतीत तेलाचा आणि मासळीचा वास भरला होता, वरच्या मजल्यावर कुणाची तरी नातवंडं धावत होती. बून-तेकनं दोघांपुरता भात लावला होता. दाराला सणाचा लाल कागद सुतकात लावत नाहीत, म्हणून तो चिकटवायचा त्यानं मुद्दाम राहू दिला होता, विसरलो म्हणणार होता. आईनं त्याची आठवणसुद्धा केली नाही, आणि त्याला हायसं वाटलं. टेबलावर सिउखिमताईनं दिलेल्या तिक्वेचा अर्धा चंद्र होता, तपकिरी, चकचकीत. आई सिंकपाशी ताटली धूत होती. पुसली. मग तिनं वरच्या फळीवरून डबा काढला, झाकण उघडलं, मूठ भरली आणि ताटलीत सोडली. पांढरी साखर. हातानं ती सारखी केली. वर कागद घातला आणि ताटली त्याच्यापुढे धरली.

"दिवे लागायच्या आत देऊन ये."

त्याला आधी कळलंच नाही. त्यानं हात पुढे केलेसुद्धा. मग कागदाखालून दोन कण बोटाला टोचले आणि त्यानं ताटली टेबलावर ठेवून दिली. "आई, हे काय? साखर कशाला? संत्री दे ना. फळं आहेत घरात."

"आ-तेक."

"साखर कशी देतेस तू? लोक काय म्हणतील, काही झालंय असं वाटेल..."

"आ-तेक, पुरे." ती खुर्चीवर बसली. तिनं त्याच्या मोबाइलकडे बोट केलं, जो टेबलावर पालथा पडला होता. "आ-हाननं उभ्या जन्मात मला कधी 'जेवलीस का' म्हणून विचारलं नाही. गुडघा कुठला दुखतो तेही त्याला माहीत नव्हतं. तू त्याच्यापेक्षा बरं लिहितोस." ती हसली, आणि ते हसणं त्यानं चव्वेचाळीस वर्षांपूर्वी एकदा ऐकलं होतं. "मी म्हणायचे, म्हातारपणी सुधारला असेल. परक्या गावात माणूस सुधारतो. दर रविवारी म्हणायचे. मग सिउखिम आली. पहिल्या दिवशी पट्टी उजव्या हाताला, दुसऱ्या दिवशी डाव्या. आणि दोन्ही हातांनी पीठ काढून देत होती मला, वेंधळी." तिनं तोंडावरून हात फिरवला. "तिच्या चुलीपाशी मला नेत होती ती. पोटुशी सून घरात असताना. माझ्यासाठी कुणी एवढं का करेल? एकच कारण असणार. मी गेले नसते तर तिला कळलं असतं की मला कळलंय. म्हणून गेले. मळलं, आणि पेटवायच्या आत बाहेर येऊन बसले."

बून-तेकला त्या पायरीचा गारठा आता अंगभर जाणवला. काहीतरी बोलायला हवं होतं. माफ कर, म्हणायला हवं होतं, मामाचं नाव घ्यायला हवं होतं. त्याचं तोंड उघडलं आणि त्यातून लहान मुलासारखा आवाज निघाला, नुसता आवाज. आईनं त्याला रडू दिलं. स्वतः रडली नाही. टेबलावरचा साखरेचा एक कण बोटानं टिपला आणि बोटाकडे बघत राहिली.

"मला एकच सांग," ती म्हणाली. "खोटं नको. त्याच्यापाशी कुणी होतं का?"

शब्द कामाचे नव्हते. बोलला असता तरी तिला ते नीट ऐकू गेलं नसतं, ओरडून सांगावं लागलं असतं, आणि हे ओरडून सांगायचं नव्हतं. त्यानं तिचा हात घेतला. नखांच्या कडांत अजून पीठ होतं. मूठ उलगडली, तिचा तळवा आपल्या तळव्यावर ठेवला, दुसरा हात वरून ठेवला. मग बोट टेबलावरच्या पेल्यात बुडवलं आणि तिच्या ओठांवरून फिरवलं. कोरडे, सुरकुतलेले ओठ. पुन्हा हात. आई सगळं बघत होती. तिची नजर हलली नाही, पण डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि हनुवटीवरून खाली त्या धरलेल्या हातांवर पडायला लागलं.

"कोण?" ती म्हणाली.

"खानावळीतली. स्वयंपाक करणारी बाई."

"नाव काय?"

"विचारलं नाही."

"नाव न विचारता आलास?" आईनं हात सोडवून घेतला आणि त्याच्या दंडावर एक चापट मारली, खरीखुरी. "त्याच्या शेवटच्या वेळेला बसली ती, आणि तू नाव न विचारता आलास. शेवटपर्यंत धरला होता तिनं? हात?"

"हो."

"मग झालं," आई म्हणाली, आणि पदर नसताना पदरानं पुसावं तसं ॲप्रननं सगळं तोंड पुसलं. खूप वेळ पुसत राहिली. ॲप्रनच्या आतून तिचा आवाज आला, जाड झालेला. "यंदा आपल्याला कुणाला काही देता येत नाही. पुढच्या वर्षी उकडीन मी. मोठं. ते भांडं काढ उन्हात. तू घेऊन जायचं तिकडे आणि तिला शोधून द्यायचं. कारखान्यातली स्वयंपाकीण काय सापडत नाही होय? नाव विचारायचं आधी." त्यानं मान हलवली. ब्याऐंशीव्या वर्षी ही बाई पुढच्या वर्षाचं बोलत होती आणि आज मरणाच्या घरात बसली होती. "जा आता. अंधार पडायच्या आत पोचव. सिउखिमला सांग, काकू म्हणाल्या, वाफ चांगली होती."

तो ताटली घेऊन दाराशी गेला.

"आणि आ-तेक," मागून ती म्हणाली, "रस्त्यात चाटू नकोस."

दार त्याच्यामागे लागलं. जिन्यात वरच्या घरातला हसण्याचा आवाज येत होता, कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. वळणावर, ती बसली होती त्या पायरीपाशी, तो थांबला. कागद बाजूला केला. साखर आईनं सारखी केली होती, एक कणही वरखाली नव्हता. त्यानं बोट तोंडात घालून ओलं केलं. चौपन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, दुकानदार माणूस. बोट ताटलीत टेकवलं आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत एक लांब ओळ ओढली, आणि ते बोट चाटलं. गोड होतं. नुसतं गोड. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि आ-हान गेल्यानंतर पहिल्यांदा त्याला आ-हान दिसला, सहा वर्षांचा, गाल साखरेनं माखलेला, अजिबात न सुधारलेला.

सिउखिमताईनं बेलच्या आधीच दार उघडलं. हाताला पट्टी नव्हती. पोटुशी सून मागे टेबल मांडत होती. ताईनं ताटली घेतली, कागद उचलला, आणि साखर बघून तिचं तोंड पांढरं पडलं. "काकूंनी घातली? स्वतः?"

"हो. वाफ चांगली होती म्हणाली."

मग तिची नजर त्या ओळीवर गेली. लांब, वाकडी, एका बोटाची. तिचे ओठ जुन्या सवयीनं हलले.

"अगंबाई," ती म्हणाली, "उंदीर..."